मोजदाद

वॉर्ड ऑफिसातून चिठ्ठी आली:
माझगावच्या टेकडीवरच्या जुन्या पायऱ्या
मोजून कळवा, पाटी लावायची आहे.
साल कुठल्याच दप्तरात सापडलं नव्हतं.
पाटीला निदान एक आकडा हवा.

सकाळी सातला खडू घेऊन खाली उभा राहिलो.
काळा दगड. ह्याच टेकडीच्या कुशीतून काढून
तिच्याच पाठीवर घातलेला.
मधोमध सहाणेसारखा झिजलाय;
चंदनाच्या जागी माणसं उगाळली गेली.

बाविसाव्या पायरीवर रामसूरत भेटला,
खांद्यावर गॅसची टाकी, टॉवेलाची चुंबळ.
'रिकामी असली की साठ,' म्हणाला,
'भरलेली असली की दीडशे. लिहा काय ते.'
मी हसलो
आणि आकडा विसरलो.

पुन्हा पहिलीपासून.

चाळिसावी जरा रुंद आहे.
इथं पाटी टेकवायची मंजुळा तांडेल.
तिला पायऱ्या कधी मोजाव्या लागल्या नाहीत,
ती बघायची बर्फ:
वर पोचेस्तोवर किती उरला.
आणि इथंच डिमेलोबाईंच्या नवऱ्याची पेटी
खाली नेताना चौघं दम खायला थांबले होते.
पुढच्या दोघांनी हात उंच धरायचे,
मागच्यांनी वाकायचं,
नाहीतर गेलेला माणूस आत पायांकडे घसरतो.
हे मला बाराव्या वर्षी कळलं.

तेव्हा आम्ही वर राहायचो, पाण्याच्या टाकीमागे.
ऑफिसात हे कुणाला सांगितलेलं नाही.
वडील गोदीत. रात्रपाळीहून परतताना
त्यांचं चढणं मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं:
अठ्ठ्याहत्तर,
मग काडी ओढल्याचा आवाज, बिडी संपेस्तोवर शांतता,
मग उरलेल्या बारा,
मग कडी.

म्हणजे नव्वद.

माझ्या खडूनं भरल्या सत्त्याऐंशी.
उतरताना मोजल्या. सत्त्याऐंशी.
डोक्यावर ऊन आलं, गोदीचा भोंगा झाला,
एक कुत्रं माझ्यामागून तीनदा वरखाली करून
कंटाळून सावलीत गेलं.
सत्त्याऐंशी.

खालच्या बेकरीतला इस्माईल पाव मोजत होता,
मान वर न करता म्हणाला,
'तुमच्या तीन ना? त्या रस्त्याखाली आहेत.
दर खेपेला डांबरावर डांबर. जुनं खरवडतो कोण?
माझा बाप या दुकानात एक पायरी चढून यायचा.
मी दोन उतरून येतो.
पाऊस पडला की पाणीही उतरून येतं,
पाव न घेता जातं.'

मी त्याच्या उंबऱ्याकडे पाहिलं.
मग रस्त्याकडे.
किमान दोन थरांवर माझी सही आहे.
काम समाधानकारक, असंही लिहिलंय,
आणि खरंच होतं ते,
पाण्याची बाटली ठेवली तर हलत नव्हती
इतका सपाट रस्ता.

चहा प्यायलो. कागद काढला.
संख्या या रकान्यात सत्त्याऐंशी लिहिलं.
शेऱ्याची जागा मोठी असते,
तिथं पेन टेकवलं, ठिपका उमटला,
त्या ठिपक्याचाच पूर्णविराम केला.

संध्याकाळी उगाच पुन्हा वर गेलो.
आमच्या खोलीच्या जागी कुणीतरी तुळस, कुणीतरी स्कूटरचा सांगाडा.
गोदीतल्या क्रेनांवर लाल दिवे लागले.
काळोखात उतरलो, न मोजता,
वडिलांच्या चालीनं,
आणि शेवटची संपल्यावरही पाय
आणखी एक पायरी शोधत खाली गेला.
रस्ता फार लवकर लागला.
दणका गुडघ्यातून दातांपर्यंत.

वरून डिमेलोबाईंनी बॅटरी मारली.
इतक्या वर्षांनी ओळखलं की नाही, कोण जाणे.
'पडलास काय रे?'
'नाही,' मी म्हटलं,
'पायरी चुकली.'